ओव्हनमधलं बिनचरबीचं मटण, खान्देशी घरात

आमच्या घरी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आला तो मुलीच्या वाढदिवसाच्या केकसाठी. दोन केक झाले, एकदा नानकटाई झाली, आणि मग तो कपाटावर चादर पांघरून बसला. वर्षभराने मी त्यात मटण भाजायचं काढलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मग केक कशात करशील?" त्याचीही सोय करावी लागली, ती पुढे येईल.

पहिला प्रयत्न पार फसला. कुठल्यातरी व्हिडिओत बघून मटण रात्रभर दही आणि कच्च्या पपईत मुरवलं, २०० डिग्रीवर दीड तास ठेवलं. बाहेरून पिठूळ, आतून वातड. अमळनेरहून आत्या आल्या होत्या. त्यांनी एक फोड बराच वेळ चावली, मग पदराआडून हसत म्हणाल्या, "रे भाऊ, हाई मटन शे का जोडा?"

मटणाचा पायातला जोडा का झाला हे कळायला पुढची चार-पाच रानं, म्हणजे बोकडाच्या मांड्या, खर्ची पडली. तुमची पडू नयेत म्हणून हे लिहितोय. जळगावात आम्हाला मटण म्हणजे रस्साच माहीत. भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला, वर लालभडक तर्री, आणि चुरलेली भाकरी. रश्शाचं एक बरं असतं, अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी तो सांभाळून घेतो. मांस थोडं कोरडं पडलं तरी वरून पाणी, तेल, मसाला आहेच. ओव्हनमध्ये हा आधार नाही. तिथे पाच मिनिटांनी बिघडतं. म्हणून रश्शाचा अंदाज घरी ठेवून या आणि थर्मामीटर घेऊन बसा.

आधी मंद ओव्हन आणि मग कडक तापलेला तवा, मुळात ही रीत परदेशातली, बीफच्या बिनचरबीच्या स्टेकसाठी बसलेली. आपल्या राज्यात गायीची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही कायद्याने बंद झाले, त्यामुळे तो विषय इथे नाही. पण बोकडाचं मटण याच रीतीला फार जवळचं आहे, कारण बोकड आपली चरबी पोटात, गुर्द्यांभोवती साठवतो. मांसाच्या धाग्यांमध्ये ती जवळजवळ नसतेच. मेंढीच्या मटणाला आतल्या चरबीचा थोडा ओलावा मिळतो, बोकडाला तो मिळत नाही.

खाटकाकडे काय मागायचं

मागची रान मागा. त्यातही कोवळ्या बोकडाची. आमचा खाटीक दातांवरून वय सांगतो, आणि ती खूण पक्की आहे: अदंत, म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत, तो साधारण वर्षाच्या आतला. दोन दाती झाला की दीड वर्षाच्या आसपास. ओव्हनला अदंत उत्तम, दोन दाती चालेल. त्यापुढचा बोकड रश्शाला चवदार लागतो, ओव्हनमध्ये दमवतो.

आता महत्त्वाचं. वजन करायच्या आधीच सांगा, "भाऊ, तुकडे नको, हाड काढून गोळे अख्खे ठेव." आधी सांगायचं, कारण रान ठोकळ्यावर आली की खाटकाचा सत्तूर सवयीनेच पडतो. माझी दोन रानं अशीच गेली, मी पैसे मोजत होतो तोवर फोडी तयार.

अख्खी रान नीट बघितली तर तिच्यात तीन-चार वेगळे गोळे दिसतात, प्रत्येकावर पातळ पडदा, आणि दोन गोळ्यांच्या मधे बोट घातलं की ते आपोआप सुटतात. मांडीच्या आतल्या बाजूचा जाड गोळा आणि पुढचा गोलसर गोळा, हे दोन ओव्हनचे. खाली गुडघ्यापासची पोटरी, नळीभोवतीचं मांस, ते दिवसभर चालून चालून घट्ट झालेलं असतं. त्यात शिरा आणि पांढरे पट्टे भरपूर. ते मऊ व्हायला ओली उष्णता आणि वेळ लागतो, म्हणून त्याची जागा कुकर. दीड किलोच्या रानेतून हाड, पडदे आणि पोटरी बाजूला काढल्यावर भाजण्याजोगं मांस सात-आठशे ग्रॅमच्या आसपास उरतं. सुरुवातीला त्यातला एकच गोळा घ्या, चारशे ग्रॅमचा. बिघडला तरी घर उपाशी राहत नाही.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एक लांब पट्टी असते, ती याहून मऊ. पण चापा, म्हणजे बरगडीसकट तुकडे, पाडताना ती हाडाबरोबर जाते आणि खाटीक ती अख्खी सोडवून द्यायला सहसा कंटाळतो. ओळख चांगली असेल तर मागून बघा.

हाडं आणि छिछडे, म्हणजे काढलेले पडदे-शिरांचे तुकडे, पिशवीत वेगळे बांधून घ्या. टाकू देऊ नका.

ताजं मटण त्याच दिवशी भाजू नका

हे पटायला मलाच वेळ लागला. आपल्याकडे सकाळी कापलेलं, दुपारी शिजलेलं तेच चांगलं मटण. रश्शासाठी ते खरंही आहे. पण जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, आणि ते आखडलेपण सैल पडायला वेळ जातो. कुकरच्या शिट्ट्यांत हे सगळं झाकलं जातं. ओव्हनमध्ये आपण मांस जेमतेम साठ-पासष्ट डिग्रीपर्यंत नेणार, तिथे आखडलेलं मांस आखडलेलंच राहतं.

म्हणून एक दिवस फ्रिजमध्ये. खालच्या कप्प्यात, चार डिग्रीच्या आसपास. फ्रीजरमध्ये मुळीच नको. आखडायच्या आधीच गोठवलेलं मांस नंतर वितळताना जास्तच आवळून बसतं.

इथे घरोघरी एक अडचण येते. शुक्रवारी घेतलं तर रविवारपर्यंत मुरायला दोन रात्री मिळतात, पण मधे शनिवार. आमच्या आईला शनिवारी फ्रिजमध्ये मटण चालत नाही. गुरुवारीही नाही. शेवटी तोडगा निघाला, मंगळवारी सकाळी आणायचं आणि बुधवारी संध्याकाळी भाजायचं. तुमच्या घरचे वार तुम्ही बघा.

पडदा, मीठ आणि दोरा

घरी आल्यावर गोळा स्वच्छ कापडाने टिपून घ्या. धुवायचा हट्ट असेल तर धुवा, पण मग कोरडा करायला दुप्पट मेहनत घ्या. वरचा चकचकीत पांढरा पडदा धारदार सुरीने काढा. सुरीचं टोक पडद्याखाली सरकवायचं, पडदा दुसऱ्या हाताने ताणून धरायचा आणि पातं किंचित वर कलतं ठेवून पुढे न्यायचं, म्हणजे मांस वाया जात नाही. हा पडदा राहिला तर उष्णतेने आवळतो आणि गोळ्याची वाटी होते.

मीठ मांसाच्या वजनाच्या एक टक्का. चारशे ग्रॅमला चार ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा छोटा चमचा सपाट पाऊण. सगळीकडून चोळा. अर्ध्या तासाने बघाल तर गोळा ओला दिसेल, मिठाने पाणी ओढून काढलेलं असतं. घाबरू नका, टिपूही नका. काही तासांत तेच खारट पाणी परत आत मुरतं. सकाळी वरचा भाग कोरडा आणि गडद झालेला असतो, आणि हवा तो तसाच. स्टीलच्या डब्यात खाली जाळी ठेवा, वर गोळा, झाकण थोडं तिरकं. पूर्ण उघडं ठेवलं तर दुधाला वास लागतो आणि मग घरात जे होतं ते होतं.

पपईबद्दल. पपईचा रस फक्त वरच्या थराला खातो, आत जात नाही. रात्रभर ठेवलं की बाहेर लगदा आणि आत जसंच्या तसं, माझ्या पहिल्या प्रयोगात झालं तेच. बोकड जून निघाला अशी शंका असेल तर अर्धा किलोला एक छोटा चमचा वाटलेली कच्ची पपई, भाजण्याआधी अर्धा तास, आणि नंतर पुसून काढायची. कोवळ्या मटणाला गरजच नाही. दही लावायचं नाही, त्याचं पाणी तव्यावर करपतं.

काट्याने टोचायचंही नाही. अख्ख्या गोळ्यात जंतू असतात ते पृष्ठभागावर, आणि तव्यावर ते मरतात. टोचलं की ते आत जातात. याच कारणाने खिमा किंवा टोचलेलं मटण ७१ डिग्रीपर्यंत न्यावं लागतं, अख्ख्या गोळ्याला ६३ आणि वर तीन मिनिटांची विश्रांती पुरते.

गोळा एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता असेल तर निमुळतं टोक खाली दुमडून सुती दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधा. जाडी सगळीकडे सारखी, दीड ते दोन इंच. दोरा साधा पांढरा, सुती. नायलॉनचा वितळतो.

ओटीजीची तयारी

मायक्रोवेव्ह आणि ओटीजी यांत गल्लत करू नका. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होणार नाही. कन्व्हेक्शन असलेल्यात होईल, फक्त त्याच मोडवर.

ओटीजीला मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा सॉकेट हवा. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरात एकच होता, तोही मिक्सरच्या मागे. लहान सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवलं तर वायर तापते. दीड हजार वॅटचं यंत्र तासभर चालणार आहे हे लक्षात ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ डिग्री असताना स्वयंपाकघरात हा उद्योग करायचा असेल तर पहाटे करा किंवा रात्री उशिरा.

दोन्ही रॉड चालू, डायल १२० वर, पंधरा मिनिटं रिकामा तापवा. आता खरी मेख. डायलवरचा आकडा हा त्या यंत्राचा अंदाज असतो. माझा ओटीजी १२० दाखवतो तेव्हा आत १४० असतं, हे आत एक छोटा ओव्हन थर्मामीटर लटकवल्यावर कळलं. म्हणून मी डायल १०० वर ठेवतो. तुमच्या यंत्राची खोड एकदा तपासून घ्या आणि मार्करने डायलशेजारी खूण करा.

दुसरा थर्मामीटर टोचायचा, डिजिटल, लांब सुईचा. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि या लेखात सांगितलेल्या सगळ्या वस्तूंत तोच एक न टाळता घ्यायचा. आल्यावर तपासा: पेलाभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, सुई मधोमध धरा, शून्याच्या आसपास यायला हवा. उकळत्या पाण्यात ९९. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटर वर आहे, म्हणून पुरते शंभर नाहीत.

आणि केकची सोय. मटणाचा ट्रे आणि जाळी वेगळी घेतली, खाली फॉइल अंथरतो, काम झाल्यावर आतून गरम पाणी-लिंबाने पुसतो. एवढं करूनही आईने केकसाठी शेजारच्या वहिनींचा ओटीजी धरला आहे. मटणाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या घरात यापेक्षा जास्त सवलत मिळायची नाही, आणि मी मागत नाही.

भाजणं

गोळा फ्रिजमधून काढला की थेट जाळीवर. बाहेर तासभर ठेवून "रूम टेम्परेचरला" आणा असं बरेच जण सांगतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे. हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर कच्चं मांस बाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. शिवाय इतक्या मंद आचेवर त्याचा फायदाही नाही.

वर शेंगदाण्याचं तेल बोटाने पुसट लावा, मिरीची भरड टाका. काळा मसाला आत्ता नको. त्यातलं खोबरं, दगडफूल, भाजलेली मिरची पुढे तव्यावर जळून कडू होतात. हे माझं मत नाही, तीन वेळा खाल्लेला अनुभव आहे.

जाळी मधल्या खाचेत, खाली ट्रे. थर्मामीटरची सुई गोळ्याच्या बाजूने आडवी घाला, टोक जाडीच्या बरोबर मध्यात. वरून खाली घातली तर टोक खाली जातं आणि आकडा खोटा येतो.

पहिली वीस मिनिटं काही घडत नाहीसं वाटेल. मांस राखाडी, सुगंध नाही, सुरसुर नाही. आत्या दर पाच मिनिटांनी येऊन काचेतून बघत होत्या. हे असंच चालतं. मंद आचेचा हेतूच हा की बाहेरचा थर पुढे धावू नये. २०० डिग्रीवर भाजलं तर आतला मध्य साठला पोचेपर्यंत बाहेरचा अर्धा इंच नव्वदला गेलेला असतो. तोच तुमचा वातड थर.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, मग आकडे पाठ करावे लागत नाहीत. पन्नासच्या आसपास मांसातली काही प्रथिनं घट्ट व्हायला लागतात, कच्चेपणाचा लिबलिबीतपणा जातो. साठनंतर धाग्यांभोवतीचं वेष्टण आवळतं. पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान उरलेली प्रथिनंही आवळतात आणि धागे ओला कपडा पिळल्यासारखे पाणी सोडतात. चरबीचं मटण इथे तगून जातं. बिनचरबीच्या मटणाकडे पाण्याशिवाय दुसरं काहीच नसतं, ते गेलं की उरतो भुसा. म्हणजे आपली खेळायची जागा साठ ते पासष्ट, एवढीच.

दीड-दोन इंच जाडीच्या गोळ्याला पस्तीस ते पन्नास मिनिटं लागतात. वेळ हा फक्त इशारा. पंचवीसाव्या मिनिटापासून आकडा बघायला लागा, आणि ५७-५८ दिसले की काढा. हो, ५७. "अजून दोन मिनिटं राहू दे" हा आवाज मनात येईल, आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या रश्शाचा आहे तो. ऐकू नका.

मधेच लाईट गेली तर? आमच्या गल्लीत हा प्रश्न काल्पनिक नाही. दार उघडायचं नाही. ओटीजीची ऊब दहा मिनिटं बरी टिकते, वीसपर्यंत ओढता येते. त्यानंतरही लाईट आली नाही तर गोळा जाड बुडाच्या कढईत ठेवा, खाली छोटी जाळी किंवा उलटी वाटी, घट्ट झाकण, गॅस अगदी बारीक, आणि थर्मामीटर तसाच. मी एकदा पूर्ण असंच केलं. चवीत फार फरक नव्हता, रंगाचा होता, तो तव्याने भरून काढला. कोमट गोळा तासन् तास तसाच ठेवून लाईटची वाट मात्र बघू नका.

तवा

भाकरीचा लोखंडी तवा चालतो, बिडाचा असेल तर फारच छान. मोठ्या आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळायला हवा. तोवर गोळा ताटलीत आहे, पुन्हा एकदा टिपून कोरडा करा. ओल्या पृष्ठभागावर आधी पाणी उडण्यातच उष्णता जाते, आणि तांबूस भाजका रंग यायला दीडशेच्या आसपास डिग्री लागतात.

एक चमचा शेंगदाण्याचं तेल. गोळा ठेवा आणि हलवू नका. पाऊण मिनिट. उलटा. पाऊण मिनिट. मग दोन्ही कडा, चिमट्याने उभा धरून. शेवटच्या वीस सेकंदांत गॅस बंद करून दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि अर्धा चमचा काळा मसाला तव्यातल्या तेलात टाका, गोळा त्यात लोळवा. गॅस बंद असल्यामुळे मसाला फुलतो, जळत नाही. याच क्षणी घरभर जो वास पसरतो त्याने आत्या उठून आल्या.

लगेच सुई घाला. ६३ ते ६५ असेल तर झालं. कमी असेल तर झाकण ठेवून तसंच गरम तव्यावर एक मिनिट.

गोळा ताटलीत काढून पाच मिनिटं नुसता राहू द्या. झाकलं तर भाजलेला पापुद्रा वाफेने मऊ पडतो. वांगी भाजल्यावर आपण झाकतो ते साल सुटावं म्हणून, इथे उलट आहे.

कापणं

धाग्यांची दिशा शोधा. केळीचं सोपट, म्हणजे खोडाचा पदर, हातात घेतलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: उभं फाडलं की लांबच लांब दोरे निघतात, आडवं कापलं की भुगा. मटणाच्या धाग्यांना आडवं कापायचं, पातळ, पेन्सिलच्या जाडीपेक्षा कमी. उभं कापलं तर नीट भाजलेला गोळाही दातात दोरे अडकवतो. गोळ्यात दोन दिशा आल्या, येतात कधीकधी, तर तिथे त्याचे दोन भाग करून प्रत्येक आपापल्या दिशेने कापा.

आतला रंग फिकट गुलाबी असेल आणि ताटलीत लालसर पाणी सुटेल. ते रक्त नाही. रक्त कापतानाच निघून जातं, हे मांसातलं रंगद्रव्य आणि पाणी. हे मी आत्यांना सांगितलं. त्यांनी फोड उजेडाकडे धरली, "कच्चं शे रे भाऊ हाई," म्हणाल्या आणि खाली ठेवली. मी वाद घातला नाही. त्यांची फोड ६८ पर्यंत नेऊन दिली, गुलाबीपणा बराचसा गेला, मांस तरी ओलं होतं. ज्यांना रंगाची भीती आहे त्यांच्यासाठी ६८ हा मध्यम मार्ग. सत्तरच्या पुढे मात्र कोणाच्याही आग्रहाने जाऊ नका. घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना हे देऊच नका, पूर्ण शिजलेला रस्सा द्या.

रस्सा सुटत नाहीच

हाडं, पोटरी आणि छिछडे हळद-मीठ, आलं-लसूण लावून कुकरला घाला. भरपूर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर अर्धा तास. इथे शिरांचं हळूहळू चिकट रसात रूपांतर होतं, ओव्हनमध्ये जे मांस बंड करतं ते इथे विरघळतं. कांदा गॅसवर सालासकट काळा होईपर्यंत भाजा, सुकं खोबरं भाजा, दोन्ही वाटून तेलात परता, काळा मसाला घाला, हाडांचं पाणी ओता. नेहमीपेक्षा पातळ ठेवा, वाटीत पिता येईल असा.

ताटात मधे वाटीभर रस्सा, बाजूला कापलेल्या फोडी, ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कांदा, लिंबू. फोड रश्शात बुडवून खायची, बुडवून ठेवायची नाही, नाहीतर ती तिथेच पुढे शिजत राहते. आमच्याकडे या जेवणात घरातले दोन गट एका ताटावर येतात. ज्यांना मटण म्हणजे रस्साच, त्यांचंही भागतं.

बिघडलं तर

आकडा ७२-७५ च्या पुढे गेला असेल तर गोळा परत मऊ होत नाही. शक्य तितका पातळ कापा, गॅस बंद केलेल्या गरम रश्शात पाच मिनिटं टाका आणि कुणाला काही सांगू नका.

मध्य बरोबर पण चावायला घट्ट, असं झालं तर बहुतेक वेळा बोकड जून होता किंवा मटण त्याच दिवशीचं होतं. कधी पडदा राहून गेलेला असतो. आच दोषी क्वचितच. बाहेर राखाडी जाड कडा आणि मधे छोटासा गुलाबी ठिपका दिसला तर तुमचा ओटीजी डायलपेक्षा जास्त तापतो आहे. रंगच आला नाही, तर तवा थंड होता किंवा गोळा ओला.

म्हशीचं मांस खाणाऱ्यांनी खाटकाकडे अंडरकट मागावा, पाठीच्या आतल्या बाजूची लांब मऊ पट्टी. तोही बिनचरबीचाच. रीत तीच, आकडे तेच, फक्त दोन इंचाचा जाड तुकडा आडवा कापून घ्या आणि पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

उरलं तर फ्रिजमध्ये अख्खं ठेवा, कापून नाही. दुसऱ्या दिवशी थंडच पातळ कापून, भाकरीत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लिंबू पिळून शेतावर न्यायला छान. गरम हवंच असेल तर रस्सा खळखळून उकळा आणि ताटातल्या पातळ फोडींवर ओता. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या मिनिटात तो पुन्हा जोडा होतो.